सहा एमटीबी आणि मामांचा पिकअप: हौद्यातल्या चौकटीच्या नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

इगतपुरीहून रात्री परत आलो. आम्हा सहा जणांच्या सहा एमटीबी, म्हणजे डोंगराळ वाटांवर चालवायच्या सायकली, नेल्या, सहा परत आणल्या, पण नेल्या तशा आणल्या नाहीत. म्हणून आजपासून लिहून ठेवतेय. हेच काम दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर निदान आमच्या चुका तरी परत होऊ नयेत.

गोरेगावहून छोटा हत्ती केला होता, जाऊन-येऊन साडेचार हजार. सायकली एकीला एक टेकवून उभ्या केल्या, मध्ये चादरी घातल्या आणि वरून नायलॉनची दोरी आवळली. इतकी आवळली की हाताने ढकलून तसूभरही हलत नव्हत्या. ते बघून सगळे निर्धास्त झालो. माजिवड्यापासून वडप्यापर्यंत रस्त्याचं काम चालू होतं. तिथले खड्डे आणि वळसे पार होईपर्यंत चादरी खाली घसरल्या होत्या. पुढचा सगळा प्रवास लोखंडावर लोखंड घासत झाला.

माझ्या हार्डटेलचा, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलचा, डिरेल्युअर हँगर (गिअर बदलणारा डिरेल्युअर फ्रेमला धरणारी पट्टी) आत वाकला. साखळी सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकली की डिरेल्युअर स्पोकना लागत होता. ठाण्याच्या मित्राच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुपायी भागाच्या) स्टँशनवर, म्हणजे खाली-वर सरकणाऱ्या गुळगुळीत नळीवर, शेजारच्या पेडलच्या पिनेने ओरखडा पाडला. नख फिरवलं तर अडकतं, एवढा खोल. हँगर साडेसहाशेत नवा येईल. ओरखडा मात्र जाणार नाही, आणि फोर्क खाली-वर होताना तो सील कापत राहील. मित्र काही बोलला नाही. बांधाबांध मी केली होती, त्यामुळे त्याचं न बोलणं मला जास्त लागलं.

झोपण्याआधी एक गोष्ट लक्षात आली. आम्ही सहाही सायकली एकमेकींना आवळल्या होत्या. गाडीला एकही बांधली नव्हती.

शनिवार, ११ जानेवारी

मामांकडे बोरिवलीला गेले. मामांचा भाजीचा धंदा, बोलेरो पिकअप आहे. रोज पहाटे दोनला गाडी वाशीच्या मार्केटला निघते. रविवारी मामा गाडी काढत नाहीत, म्हणजे शनिवार रात्र ते रविवार रात्र गाडी आम्हाला मिळू शकते. डिझेल आमचं आणि गाडी मामा स्वतः चालवणार.

मामांच्या तीन अटी. हौद्याला एकही भोक पाडायचं नाही. रविवारी रात्री हौदा रिकामा आणि धुतलेला पाहिजे. आणि मागे हौद्यात माणूस बसणार नाही. तिसरी अट त्यांनी दोनदा सांगितली. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं बेकायदेशीर आहेच, पण मामांनी एकदा घाटात टेम्पोतून माणूस पडलेला बघितला आहे. तेव्हा सायकली पिकअपने जातील आणि आम्ही कसारा लोकलने. कसाऱ्याला स्टेशनबाहेर नाशिकच्या जीप लागलेल्या असतात, त्यातून घाट चढून इगतपुरीला उतरायचं.

टेपने मापं घेतली. हौदा आतून लांबीला २५० सेंमी, रुंदीला १७०. फाळके, म्हणजे हौद्याच्या कडेच्या भिंती, ४५ सेंमी उंच. पृष्ठभाग सपाट आहे, परदेशी पिकअपना असतात तसे चाकांवरचे उंचवटे आत आलेले नाहीत. हे फार सोयीचं आहे. केबिनच्या मागे लोखंडी जाळी आहे आणि बाहेरच्या अंगाला दोरी अडकवायचे आकडे.

रविवार, १२ जानेवारी

आजचा दिवस फुकट गेला. ७४० रुपयेही गेले.

परदेशी व्हिडिओंमध्ये मागच्या फाळक्यावर जाड गादी टाकतात आणि सायकलचं पुढचं चाक बाहेर लटकवून मागचं चाक आत ठेवतात. सोपं दिसतं, चाक काढावं लागत नाही. मी जाड कॅनव्हास आणि फोम आणून रात्रभर गादी शिवली.

बोलेरोच्या फाळक्यावर ते जमत नाही. त्याची वरची कड पातळ आहे, दोन्ही टोकांना खिट्ट्या आणि साखळीचे आकडे वर आलेले आहेत. कडेच्या सायकलचा डाउन ट्यूब, म्हणजे फ्रेमची खालची तिरपी नळी, नेमका खिट्टीवर येतो. शिवाय फाळका ४५ सेंमीचाच असल्यामुळे सायकल फार आडवी होते आणि ब्रेकची होज (तेलाची नळी) फ्रेम आणि गादीमध्ये चिमटली जाते. पाच सायकली कशाबशा लागल्या, सहावीला जागाच उरली नाही.

हे सगळं सुधारता आलं असतं, पण चाकं मागे हातभर बाहेर येत होती आणि मागचे दिवे व नंबरप्लेट झाकली जात होती. मोटर वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९४ला जोड दिली आहे. माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर २०,००० रुपये दंड, वर माल उतरवण्याचा खर्च आपला. मामांच्या गाडीवर असा दंड लागला तर त्यांच्या किती दिवसांच्या भाजीचे पैसे जातील, हा हिशोब मी गाडीजवळ उभी राहून केला आणि गादी गुंडाळून ठेवली.

गुरुवार, १६ जानेवारी

आजचा खर्च दहा रुपये, खडूची पेटी. आतापर्यंतचं सगळ्यात उपयोगी काम आज झालं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये फरशीवर २५० बाय १७० चा आयत आखला. माझी आणि धाकट्या भावाची अशा दोन सायकली खाली आणून त्यात मांडल्या. उरलेल्या चारांची मापं फोनवर मागवून पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. वॉचमनकाका टॉर्च धरून उभे होते.

आधी उभ्या मांडल्या, म्हणजे तोंड केबिनकडे. पुढचं चाक लावूनही लांबी पुरते, २९ इंची चाकांची सायकल साधारण १९० सेंमी भरते. पण हँडल! माझं ७६ सेंमी, सगळ्यात रुंद ८० सेंमी. कडेच्या सायकलचं हँडल हौद्याबाहेर जाऊ द्यायचं नसेल तर तिचा मध्य कडेपासून ४० सेंमी आत लागतो. मग मध्ये उरतात ९० सेंमी आणि त्यात सहा सायकली म्हणजे पेडलं एकमेकींच्या स्पोकमध्ये. उलट-सुलट तोंडं करूनही चारच्या वर जात नव्हत्या.

मग भावाने सहज विचारलं, आडव्या टाकल्या तर? पुढचं चाक काढलं तर फोर्कच्या टोकापासून मागच्या टायरपर्यंत माझी सायकल १५५ भरते, सगळ्यात मोठी १६०. हौदा १७० रुंद. बसते!

आडव्या मांडल्यावर हँडलची रुंदी गाडीच्या लांबीत जाते आणि तिथे २५० सेंमी आहेत. पहिली सायकल जाळीपासून ४० सेंमीवर, शेवटची मागच्या फाळक्यापासून ४० वर, मधल्या १७० मध्ये दर ३४ सेंमीला एक. एकीचं तोंड डावीकडे, दुसरीचं उजवीकडे. एका तोंडाच्या दोन सायकलींत ६८ सेंमी अंतर पडतं, म्हणजे हँडलं अजून दहाएक सेंमी एकमेकांत जातात. त्यावर उपाय उंचीचा. एका बाजूच्या तिघींपैकी मधलीचा फोर्क बाकीच्या दोघींपेक्षा ८ सेंमी उंच ठेवायचा, मग तिचं हँडल शेजारणींच्या वरून जातं.

पेडलांचंही इथेच कळलं. उलट तोंडाच्या दोन शेजारणींच्या एकाच अंगाच्या बाजू समोरासमोर येतात, उजवीसमोर उजवी किंवा डावीसमोर डावी. क्रँक, म्हणजे पेडलांचे दांडे, उभे करायचे आणि एकीचं आतलं पेडल खाली तर दुसरीचं आतलं पेडल वर ठेवायचं. मग ३४ सेंमी पुरतात. दोन्ही पेडलं एका उंचीवर आली की भिडतात.

रात्री साडेअकरापर्यंत हे चाललं. आयत पुसायला नको म्हणून वॉचमनकाकांनी त्यावर कुणाला गाडी लावू दिली नाही.

शनिवार, १८ जानेवारी

फोर्क धरायला खुंट्या हव्यात. तयार बाहेरून मागवता येतात, पण सहाची किंमत बघून जोगेश्वरीच्या वेल्डरकाकांकडे गेले.

चौकट अशी: दीड इंची चौकोनी एमएस (साध्या लोखंडी) पाइपच्या दोन लांब पट्ट्या, प्रत्येकी २४८ सेंमी, डाव्या-उजव्या फाळक्यालगत. त्यांना जोडणारे तीन आडवे पाइप. प्रत्येक लांब पट्टीवर तीन खुंट्या. डावीकडच्या खुंटीत फोर्क असलेल्या सायकलचं मागचं चाक उजव्या पट्टीपाशी टेकतं, उजवीकडचीचं डावीकडे. चौकट हौद्यात नुसती ठेवायची आणि कोपऱ्यांत लाकडी पाचरा मारायच्या. भोक नाही, वेल्डिंग नाही.

खुंटीसाठी वेल्डरकाकांची युक्ती कामाची निघाली. अर्धा इंची जीआय पाइपचं आतलं भोक साधारण १६ मिमी असतं, त्यातून १५ मिमीचा थ्रू ॲक्सल, म्हणजे चाक धरणारा आरपार दांडा, आरामात जातो. पाइपचा तुकडा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) रुंदीइतका कापायचा, खाली पट्टी वेल्ड करायची, की खुंटी तयार. बाहेरून पाइप २१ मिमीच्या थोडा वर भरतो, म्हणून टोकं कानशीने बारीक केली तरच ती ड्रॉपआउटच्या, म्हणजे फोर्कच्या टोकांच्या, खाचेत नीट बसतात.

आमच्यातल्या दोन सायकली जुन्या, ९ मिमी क्विक रिलीजवाल्या (क्यूआर, खटक्याने सुटणारा बारीक ॲक्सल). त्यांचे ड्रॉपआउट खालून उघडे, त्यात पाइप चालत नाही. मोडीत निघालेल्या गिअरच्या सायकलींचे दोन पुढचे हब १२० रुपयांना एक असे मिळाले. स्पोक कापून नुसते हब यू क्लॅम्पने पट्टीवर आवळणार.

बुधवार, २२ जानेवारी

चौकट आली आणि चूक लगेच दिसली. चूक माझीच. चारही पाइप मी १०० मिमी सांगितले होते. थ्रू ॲक्सलच्या चारपैकी दोन सायकली बूस्ट आहेत, त्यांचा पुढचा हब ११० मिमीचा. १०० च्या खुंटीवर बूस्ट फोर्क लावला की दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमीची फट राहते, आणि ॲक्सल आवळला की फोर्कचे पाय आत ओढले जातात. मॅग्नेशियमचे पाय असे वाकवायचे नाहीत. वायसर घालून भागवू, असं भाऊ म्हणाला. मी नको म्हटलं, कारण अंधारात घाईने उतरवताना वायसर पडणार हे नक्की. दोन खुंट्या कापून नव्या लावल्या, २०० रुपये आणि दोन दिवस.

आता खुंट्यांवर पेंटने लिहिलंय: दोनवर ‘१००’, दोनवर ‘११०’, दोनवर ‘क्यूआर’. तुम्ही करणार असाल तर आधी प्रत्येक सायकलचं पुढचं चाक काढून हब स्वतः मोजा. मालकाच्या तोंडी माहितीवर पाइप कापू नका. मलाही दोघांनी ‘नॉर्मल आहे’ एवढंच सांगितलं होतं.

रविवार, २६ जानेवारी

पहिली चाचणी. सकाळी तीनच सायकली लावून आरे कॉलनीच्या रस्त्याने पवईकडे आणि परत. चाचणीला हा रस्ता बरा, गतिरोधक भरपूर आहेत. भाऊ मागून स्कूटरवर मोबाइलने चित्रीकरण करत होता.

गतिरोधकांवर सायकली झकास राहिल्या. वर-खाली होणं अडचणीचं नव्हतंच. एका वळणावर कुत्रं आडवं आलं, मामांनी ब्रेक दाबला आणि तिन्ही सायकली एकदम केबिनकडे कलल्या. थांबून बघितलं तर मधली उंच खुंटी बुडापासून पिळवटलेली, वेल्डला केसाएवढी भेग.

खडूच्या चित्रात हे दिसणं शक्यच नव्हतं. उभी सायकल ब्रेक मारल्यावर आपल्या लांबीत ढकलली जाते, ती पडत नाही. आडव्या सायकलला तोच धक्का कुशीत बसतो. फोर्क फक्त ११ सेंमीच्या खुंटीवर धरलेला, वर पंधरा किलोंची सायकल. सगळा पीळ खुंटीवर आणि ड्रॉपआउटवर येतो. खुंटी मोडली ते बरं झालं, फोर्क मोडला असता तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?

तिथेच रस्त्याच्या कडेला एक तात्पुरता उपाय केला. जाळीपासून मागपर्यंत एक दोरी ताणून तिला तिन्ही सीटपोस्ट (सीटखालचे दांडे) बांधले. परतताना पुढची गाठ जराशी सैल झाली आणि तिन्ही सायकली एकत्र डुलायला लागल्या. पाच जानेवारीचीच चूक परत. पुन्हा एकमेकींना बांधल्या होत्या.

मामा तोपर्यंत गप्प होते. मग त्यांनी दोरी सोडून माझ्या हातात दिली. “प्रत्येक गोणीला तिचा स्वतःचा ताण पाहिजे, बाळा. पुढून एक, मागून एक.” आणि त्यांनी गाडीवाल्यांची गाठ शिकवली. आकड्याच्या वर वीतभर अंतरावर दोरीचा पीळ देऊन एक फास काढायचा, मोकळं टोक आकड्याखालून घेऊन त्या फासातून ओवायचं आणि खाली खेचायचं. दोरी स्वतःच्याच आधाराने दुप्पट आवळते. मग अंगठ्याने चिमटीत धरून दोन वेढे. मामांचा अंगठा त्या जागी रुतलेला, घट्टे पडलेला आहे. मला दहाव्यांदा जमली.

शनिवार, १ फेब्रुवारी

गोरेगावहून हार्बरने थेट मस्जिदला उतरून नागदेवी स्ट्रीट. बारा कॅम बकलचे पट्टे, १८० रुपयांना एक. दुकानदार रॅचेटचे पट्टे घ्या म्हणत होता. रॅचेट मालाला चांगला, सायकलला नाही. दोन खटके जास्त पडले की ॲल्युमिनियमच्या पातळ ट्यूबला पोचा पडतो, आणि किती ताण दिला ते हाताला कळत नाही. कॅम बकलमध्ये आपण हाताने खेचतो तेवढाच ताण. मामांची गाठही चालते, पण सहा सायकलींच्या बारा गाठी पहाटे चारला माझ्याने होणार नाहीत.

वेल्डरकाकांनी खुंट्यांच्या बुडाला दोन्हीकडून त्रिकोणी पट्ट्या लावून आधार दिला आणि लांब पट्ट्यांवर बारा कड्या वेल्ड केल्या. तंबूच्या दोऱ्यांसारखं: प्रत्येक सायकलच्या सीटजवळून एक पट्टा पुढच्या कडीला, एक मागच्या कडीला. आता ब्रेकचा धक्का खुंटी घेत नाही, पट्टा घेतो.

यातही एकदा चुकलो. कड्या आधी दोन्हीकडे ३४ सेंमीवर लावायला सांगितल्या होत्या, म्हणजे नेमक्या शेजारच्या सायकलच्या फोर्कपाशी. ताणलेला पट्टा तिच्या स्टँशनला टेकत होता. पट्ट्यात धूळ बसली की तो पॉलिश पेपरसारखा घासतो. कड्या तोडून १८ सेंमीवर आणल्या. कोन उभा झाला, पण पुरतो.

पट्टा सायकलला कुठे बांधायचा हेही ठरवावं लागलं. साध्या सीटपोस्टला सरळ बांधा. दोन सायकलींना ड्रॉपर, म्हणजे बटणाने खाली-वर होणारा सीटपोस्ट, आहे. त्याच्या चकचकीत सरकत्या भागाला पट्टा लावायचा नाही, ड्रॉपर पूर्ण खाली करून फ्रेमच्या सीट ट्यूबला, खाली कापड गुंडाळून बांधायचा. मागचं चाक पट्टीला बांधायला पंक्चरवाल्याकडून जुन्या स्कूटरच्या ट्यूब आणून दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या. ट्यूब रबराची, खड्ड्यात ताणते आणि परत येते.

रविवार, २ फेब्रुवारी

सहाही सायकली लावून तोच आरेचा रस्ता. मामांनी मुद्दाम तीनदा कचकन ब्रेक मारला, मागे-पुढे कुणी नाही बघून. चित्रीकरणात सायकली हलताना दिसतात, पण प्रत्येक आपापल्या जागी हलते आणि परत उभी राहते. हँडल हँडलला लागलं नाही. पेडल कुठेही लागलं नाही.

लोखंडावर लोखंड खडखडत होतं, म्हणून चौकटीखाली रबरी शीटचे तुकडे चिकटवले.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिला खरा प्रवास. गोरेगाव ते इगतपुरी.

पहाटे साडेतीनला लावायला सुरुवात, चार पस्तीसला शेवटचा पट्टा. एक तास पाच मिनिटं, फार वेळ. निम्मा वेळ ‘ही कुठली, ती कुठली’ यातच गेला. भाऊ मामांबरोबर केबिनमध्ये, आम्ही पाच जण दादरहून कसारा लोकलने.

भावाने पडघ्याला थांबून बघितलं तर मागच्या डाव्या कोपऱ्यातली पाचर गायब होती. पाचर उडाली की चौकटीला दोन सेंमी जागा मिळते आणि ती मागच्या फाळक्यावर ठोसे मारत राहते. त्याने चपलेचा तळवा कापून खाली ठोकला. म्हणजे आता पाचरेला भोक पाडून सुतळीने चौकटीलाच बांधून ठेवायची.

इगतपुरीला उतरवताना एक-एक निघायला लागलं.

एक: पुढची सहा चाकं मी हौद्याच्या तळाशी एकावर एक आडवी टाकली होती. सगळ्यात खालच्या चाकाचा रोटर (डिस्क ब्रेकची चकती) वाकला. फिरवलं की दर फेरीला पॅडला ‘श्शिक’ लागतो. तो ब्रेक तसाच वाजत चालवावा लागला. नवा रोटर ९५० रुपये, मी भरले.

दोन: चाक काढल्यावर कुणीतरी पुढचा ब्रेक दाबला. हायड्रॉलिक डिस्कमध्ये मध्ये रोटर नसताना लिव्हर दाबली की पिस्टन पुढे येतात आणि पॅड मिटतात, मग रोटर आत जातच नाही. पॅड बाहेर काढून प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने पिस्टन हळूहळू मागे ढकलण्यात चाळीस मिनिटं गेली. स्क्रू ड्रायव्हर वापरायचा मोह झाला होता. वापरू नका, पिस्टनची कड उडते.

तीन: उतरवलेले थ्रू ॲक्सल ताडपत्रीवर एका ढिगात ठेवले होते. दिसायला सारखे, पण कंपनीप्रमाणे आटे वेगळे असू शकतात. दुसऱ्याच सायकलचा ॲक्सल फोर्कमध्ये फिरवायला घेतला, दोन फेऱ्यांनंतर अडकला. तो मित्र अजून जोर लावणार होता. मी त्याचा हात धरला. आटे गेले असते तर फोर्कचा खालचा भागच बदलावा लागला असता.

हे सगळं होऊनही एकाही फ्रेमवर, एकाही स्टँशनवर नवा ओरखडा नाही. ठाण्याच्या मित्राने उन्हात धरून आपला फोर्क वरपासून खालपर्यंत बघितला. मग मला म्हणाला, “चल, निघूया.” वैतरणा धरणाच्या बाजूच्या मातीच्या वाटांवर दुपारपर्यंत चालवली.

रात्री पावणेदहाला चौकट उतरवली. पट्टे सोडून दोघांनी उचलली की सहा मिनिटं. वजन साधारण बावीस किलो. हौदा धुतला. दोनला गाडी वाशीला गेली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुरुस्त्या. चाकांसाठी जाळीलगतची जागा सापडली. पहिली सायकल जाळीपासून ४० सेंमीवर आहे, त्या फटीत चाकं उभी राहतात. डावीकडे तीन, उजवीकडे तीन, हबसमोर हब येऊ न देता थोडी सरकवून, मध्ये जुन्या साडीचे तुकडे. रोटरची बाजू नेहमी जाळीकडे, म्हणजे सायकलचं पेडल त्याला लागणार नाही. जेमतेम बसतात, पण बसतात. ट्यूबच्या पट्टीने जाळीला बांधली की हलत नाहीत.

कॅलिपरसाठी, म्हणजे पॅड आणि पिस्टन असलेल्या ब्रेकच्या भागासाठी, आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाचे तुकडे दुमडून रोटरएवढ्या जाडीचे केले, साधारण दोन मिमी. भोक पाडून लाल लोकर बांधली, म्हणजे विसरून तसंच चाक लावायला जाणार नाही. ॲक्सलचा नियम: खुंटीवरून निघालेला ॲक्सल खाली ठेवायचाच नाही, चाक लावून लगेच आत. आणि सायकलींना एक ते सहा आकडे, टेपवर लिहून टॉप ट्यूबला (फ्रेमच्या वरच्या नळीला). मोठी फ्रेम आणि ८० सेंमीचं हँडल नेहमी सहा नंबरला, मागच्या फाळक्याकडे.

खर्च विचारतात म्हणून: चौकटीचं लोखंड १,३५०, वेल्डिंगची मजुरी १,८००, जीआय पाइप १५०, हब २४०, चुकलेल्या दोन खुंट्या २००, कड्या ४००, यू क्लॅम्प, नट-बोल्ट, वायसर ३८०, रबर ३००, रेड ऑक्साइड आणि रंग ३२०, पट्टे २,१६०. एकूण ७,३००. वर वाया गेलेली गादी ७४० आणि रोटर ९५०. सहा जणांत वाटून घेतले, गादी आणि रोटर सोडून. ते माझे.

रविवार, २३ फेब्रुवारी

दुसरी फेरी, तोच रस्ता. लावायला अठ्ठावीस मिनिटं. पडघ्याला थांबून सगळे पट्टे हाताने दाबून बघितले, दोन जरा सैल होते, खेचले. नवे पट्टे पहिल्या तासात थोडे ताणतात, म्हणून हा पहिला थांबा चुकवायचा नाही. पाचरा जागेवर. कसारा घाटात एका ट्रकमागे मामांना जोरात ब्रेक लावावा लागला. केबिनच्या काचेतून भावाने बघितलं, सहाही एकदम वाकल्या आणि एकदम सरळ झाल्या.

एकच गोष्ट अजून सुटलेली नाही. तीन नंबरच्या सायकलच्या ब्रेक लिव्हरचं टोक दोन नंबरच्या सीटपासून फक्त दोन बोटं राहतं. आज लिव्हरवर स्पंजचा तुकडा बांधला होता. पुढच्या शनिवारी तीनची खुंटी चार सेंमी मागच्या फाळक्याकडे घेऊन बघणार आहे.

ग्रुपमध्ये सातवी म्हणून एक मुलगी आली आहे, तिची सायकल २७.५ इंची चाकांची, लहान फ्रेम. सातवी सायकल या चौकटीत बसत नाही, खडूने परत आखून बघितलं. ती सायकल त्या मुलीच्या वडिलांच्या गाडीवर येईल किंवा आमच्यापैकी एक जण पाळीने घरी राहील. सहाच्या जागेत सात कोंबणार नाही.